कोळ्याचे जाळे आणि कोळिष्टक

मराठीत कोळी दोन आहेत. एक समुद्रावर जातो, दुसरा घराच्या आढ्याला राहतो. दोघांचेही पोट जाळ्यावर. मी पहिल्या कोळ्यांपैकी. पनवेल मागे टाकून उरणच्या पार टोकाला आले की द्रोणागिरीच्या पायथ्याशी आमचे करंजा लागते. समोर धरमतरची खाडी, पलीकडे रेवस. वडील डोलकर होते, मी शाळेत मास्तर झालो; पण जाळ्याशी असलेले नाते सुटले नाही. म्हणून २०१३ साली भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या दर्शनी भिंतीवर एक अवाढव्य जाळे टांगलेले पाहिले, तेव्हा ते नापसंत करण्याचा मला पुरेपूर अधिकार आहे असे वाटले होते. ते मत मी पुढे बदलले. का बदलले ते इथे सविस्तर मांडतो, कारण हा माझ्या एकट्याच्या आवडीनिवडीचा विषय राहिलेला नाही. आजची कला ‘आपल्यासाठी नाही’ असे म्हणून आपण जे दार आतून लावून घेतो, त्याविषयी मला बोलायचे आहे.

त्या दिवशी मी निघालो होतो हत्ती पाहायला. आमच्या उरण तालुक्यातल्या घारापुरी बेटावर एकेकाळी दगडात कोरलेला भला मोठा हत्ती उभा होता. त्याच्यावरून पोर्तुगीजांनी बेटाला एलिफंटा हे नाव दिले. पुढे इंग्रजांनी तो विलायतेला न्यायचा घाट घातला, पण उचलताना तो कोसळून फुटला. १८६४ साली त्याचे तुकडे भायखळ्याच्या व्हिक्टोरिया गार्डनमध्ये, म्हणजे आपल्या राणीच्या बागेत, आणले गेले आणि १९१४ साली ते जोडून हत्ती पुन्हा उभा केला गेला. संग्रहालयाच्या अंगणालगतच तो आहे. वर्गातल्या मुलांना मी त्याची गोष्ट कितीदा तरी सांगितली होती, पण स्वतः त्याला पाहून अनेक वर्षे लोटली होती. मोऱ्याहून लाँच पकडली, भाऊच्या धक्क्याला उतरलो आणि भायखळा गाठले. हत्ती पाहून झाला. मान वळवली आणि ते जाळे दिसले.

रीना सैनी कल्लाट यांची ती कलाकृती होती. १८७२ मध्ये लोकांसाठी खुल्या झालेल्या त्या देखण्या इमारतीच्या तोंडावर आढ्यावरच्या कोळ्याच्या जाळ्याच्या आकाराची एक मांडणी पसरलेली. जवळ गेल्यावर कळले की हे जाळे शिक्क्यांचे आहे. कचेरीत टेबलावर असतात तसल्या रबरी शिक्क्यांचे मोठाले आकार शेकड्यांनी एकमेकांना जोडून ते विणले होते, आणि शिक्क्यांवर मुंबईच्या रस्त्यांची इंग्रजी अमदानीतली, आता बदलून गेलेली नावे होती.

मला राग आला. त्या रागाचे तीन पदर होते. पहिला हातकसबाचा. आमच्या डोलीच्या जाळ्याला तोंडाशी मोठे आस, म्हणजे जाळ्याची भोके, असतात, मग ते टप्प्याटप्प्याने बारीक होत जातात आणि शेवटच्या पिशवीत जवळासुद्धा अडकतो. ते विणणाऱ्या माणसाला कोणी कलावंत म्हणत नाही. मग तयार आकार एकमेकांना जोडणाऱ्याला कलावंत का म्हणायचे? दुसरा पदर समजण्याचा. बाजूचा मजकूर वाचेपर्यंत ती नावे तिथे का आहेत याचा मला पत्ता लागला नाही. जी गोष्ट शेजारी कागद लावल्याशिवाय बोलत नाही ती मुकीच म्हणायची, असे मी मनाशी म्हणालो.

तिसरा पदर सगळ्यांत कडवट होता. गोऱ्या साहेबांच्या नावांसाठी काढलेला हा गळा आहे, असे मला वाटले. हॉर्नबी रोडचा दादाभाई नौरोजी रस्ता झाला, एस्प्लनेड रोडचा महात्मा गांधी रस्ता झाला, यात वाईट काय झाले? ज्या संग्रहालयाच्या भिंतीवर हे टांगले होते, त्याचे नावही आधी व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट होते. नाना शंकरशेटांच्या बरोबरीने ज्यांनी हे संग्रहालय उभे राहावे म्हणून खटपट केली त्या डॉ. भाऊ दाजींचे नाव त्याला मिळायला १९७५ साल उजाडावे लागले. ते नामांतर म्हणजे उशिरा झालेला न्याय होता. मग पुसलेल्या नावांचे तोरण बांधायचे कारण काय? त्यातून हा सगळा उपक्रम झेन्या या इटालियन वस्त्रोद्योग समूहाच्या पाठबळाने झालेला. श्रीमंतांची हौस, असा शेरा मारून मी धक्क्याकडे निघालो.

परतीच्या लाँचवर एक गोष्ट टोचली आणि टोचतच राहिली. डाव्या हाताला घारापुरी दिसत होती. जग तिला एलिफंटा म्हणते, आणि ज्याच्यावरून म्हणते तो हत्ती तर मी आत्ताच भायखळ्याला पाहून आलो होतो. बेटावर नाव राहिले, हत्ती गेला. त्याच्याही पलीकडे न्हावा-शेव्याच्या क्रेनांची रांग उभी होती. शेव्याला कोळीवाडा होता. बंदरासाठी तो उठवला गेला आणि तिथली माणसे उरणला हनुमान कोळीवाड्यात आणून वसवली गेली. १९८९ मध्ये बंदर सुरू झाले. आज न्हावा-शेवा हे नाव परदेशातल्या बंदरांत, मालाच्या कागदांवर, जहाजांच्या वेळापत्रकांत छापलेले असते. शेव्याचे कोळी मात्र दुसऱ्याच नावाच्या वस्तीत राहतात. त्या वस्तीतल्या घरांना लागलेल्या वाळवीच्या तक्रारी आमच्या तालुक्यात सगळ्यांना ठाऊक आहेत.

मुंबईत रस्ते राहिले आणि नावे गेली. आमच्याकडे नाव राहिले आणि गाव गेले. या दोन गोष्टी मी आयुष्यभर वेगवेगळ्या जाणत होतो, त्या एकमेकींना जोडलेल्या आहेत हे मला कधी दिसले नव्हते. ज्या वस्तूला मी तासाभरापूर्वी नावे ठेवली, तिनेच ती गाठ मारून दिली होती. दोन्हीकडे काम करणारी वस्तू एकच होती. शिक्का.

उरण-पनवेलच्या माणसाला शिक्का म्हणजे काय हे समजावून सांगावे लागत नाही. सातबाऱ्यावरचा शिक्का, फेरफारावरचा शिक्का, भूसंपादनाच्या नोटिशीवरचा शिक्का. पिढ्यान्पिढ्या कसलेले शेत त्या एका ठशाने दुसऱ्याचे होते. १९८४ च्या जानेवारीत शेतकऱ्यांचे नेते दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जासई-दास्तानला जे आंदोलन झाले आणि ज्यात पाच जण हुतात्मा झाले, ते जमिनीच्या मोबदल्यासाठी होते. पण मुळात तो लढा या ठशाच्या एकतर्फी ताकदीशी होता. साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याचे धोरण त्या रक्तातून आले. एवढे सगळे ज्याच्या अंगणात घडले, तो मास्तर शिक्क्यांनी विणलेले जाळे पाहतो आणि ‘काही कळत नाही’ म्हणतो! मला कळत होते. कळलेले वापरण्याची माझी तयारी नव्हती.

पंधरा दिवसांनी मी पुन्हा गेलो. या वेळी हत्तीसाठी गेलो नव्हतो.

आधी तिसरा पदर गळून पडला. मराठीत आपण कोळ्याच्या दोन वस्तूंना दोन शब्द वापरतो. कोळी बसलेला असतो, भक्ष्याची वाट पाहत असतो, ते जाळे. कोळी सोडून गेला, धूळ बसली, केरसुणी फिरली नाही, ते कोळिष्टक. या कलाकृतीच्या इंग्रजी नावात जो शब्द आहे त्याचा अर्थ कोळिष्टक. गेलेल्या नावांचा गौरव करायचा असता तर त्यांचा हार गुंफता आला असता. इथे ती कोळिष्टकात होती, बंद घराच्या कोपऱ्यात राहून जावे तशी. त्याच वेळी ते अख्ख्या दर्शनी भिंतीला कवेत घेणारे जाळेही होते, आणि ते विणले होते शिक्क्यांनी. हॉर्नबीचे नाव रस्त्याला लागले ते शिक्क्याने, उतरले तेही शिक्क्याने. हॉर्नबीच्या आधी त्या वाटेला तिथले लोक काही म्हणत असतीलच. त्या नावावर कधी शिक्का बसला नाही, म्हणून ते या जाळ्यातसुद्धा नाही. मुंबई हे नावच मुळी कोळ्यांच्या मुंबादेवीचे. जाळ्यात न सापडलेल्या नावांची जागाही त्या जाळ्यातल्या पोकळीने दाखवली, असे मला त्या दिवशी वाटले आणि आजही वाटते.

रस्त्यांची नावे बदलावीत की नाही, हा वाद या कलाकृतीने सोडवला नाही. भाऊ दाजींचे नाव दिले हे योग्यच झाले, या माझ्या मतातही काडीचा फरक पडला नाही. बदलले ते इतकेच, की नाव देणारा हात कोणाचा आहे हे मी पाहू लागलो. टॅक्सीवाला अजून लॅमिंग्टन रोडच म्हणतो, डॉ. भडकमकर मार्ग म्हणत नाही. वीरमाता जिजाबाई भोसले उद्यानाला लोक अजून राणीची बाग म्हणतात. यात इंग्रजांचे प्रेम नाही. लोकांच्या तोंडाला शिक्का लागत नाही, एवढेच त्यातून दिसते. रीना कल्लाट यांनी शिक्क्यांचा हा उपयोग आधीही केला आहे. बेपत्ता म्हणून नोंद झालेल्या माणसांची नावे असलेले शेकडो शिक्के जुळवून त्यांनी माणसांचे चेहरे घडवले आहेत. माणूस हरवल्यावर कचेरीत उरते ते नाव आणि शिक्का. शेवा हरवल्यावर उरले तेही तेवढेच.

आता दुसरा पदर, समजण्याचा. ‘सांगितल्याशिवाय कळत नाही’ हा आक्षेप मी वर्षानुवर्षे घेतला आहे आणि अनेक शहाण्या माणसांकडून ऐकलाही आहे. पण घारापुरीच्या लेण्यात चला. तिथली तीन मुखांची शिवमूर्ती जवळपास वीस फूट उंच आहे. तिच्यापुढे उभे राहिले की आपल्याला वाटते, ही तर आपोआप कळते. खरेच आपोआप? शंकर कोण, गंगा जटेत कशी आली, रावणाने कैलास का हलवला, हे आजीने मांडीवर घेऊन सांगितले होते. कीर्तनात ऐकले होते, नाटक-सिनेमात पाहिले होते. ज्याच्या कानावर यातले काही पडलेले नाही असा परदेशी पाहुणा तिथे वाटाड्याचे बोट धरूनच फिरतो. म्हणजे सांगावे लागते ते दोन्हीकडे. जुन्या कलेचे सांगणे लहानपणीच होऊन गेलेले असते, म्हणून ते आठवत नाही. नव्या कलेचे सांगणे मोठेपणी होते, म्हणून ते अपमानासारखे लागते. हा फरक ध्यानात आला तेव्हा माझ्या आक्षेपाचा पाया गेला.

त्याच्या जागी मी एक कसोटी धरली आहे. सांगून झाल्यावर वस्तू वाढते की संपते? कोड्याचे उत्तर कळले की कोडे संपते. चांगली कलाकृती मजकूर वाचून झाल्यावर पाहणाऱ्याकडचे काही मागू लागते. त्या फलकावर शेव्याचे नाव नव्हते, घारापुरीच्या हत्तीचा उल्लेख नव्हता, सातबारा नव्हता. ते मी घेऊन गेलो होतो, आणि त्या जाळ्यात ते अडकले.

पहिला पदर हातकसबाचा, आणि तिथे मला माझ्याच घरातल्या ज्ञानाने खोटे पाडले. डोल भरते ती नुसत्या चांगल्या गाठींनी भरत नाही. भरती-ओहोटीची ओढ कुठे आहे, तळ कसा आहे, खुंट कुठे ठोकायचे, तोंड कुठल्या दिशेला ठेवायचे, हे ज्याला कळते तो तांडेल. देखणे जाळे चुकीच्या जागी लावले तर रिकामे येते. मी गाठी पाहत बसलो आणि जागा पाहिली नाही. ज्या इमारतीचे स्वतःचे नाव बदलले गेले तिच्या तोंडावर, एका बेटाला नाव देऊन परागंदा झालेल्या हत्तीच्या शेजारी, राणीच्या बागेत येणाऱ्या सगळ्यांना दिसेल अशा ठिकाणी ते जाळे लावले होते. जागेची अशी पारख हेही कसब आहे, आणि ते मोठे कसब आहे. डोल विणणाऱ्याला कलावंत म्हणत नाहीत, ही माझी तक्रार मात्र खरी आहे. तिचा उपाय नव्या कलावंताला कमी लेखण्यात नाही. आपल्या विणणाऱ्यांना मान देण्यात आहे.

पैशाच्या आक्षेपाचे काय? तो मी पूर्ण सोडलेला नाही. धनिकाच्या पाठबळाने झालेली कला म्हणून ती खोटी, हे म्हणणे टिकत नाही. घारापुरीचे लेणे काही वर्गणी काढून कोरलेले नव्हते. परंतु ती कोणाला पाहायला मिळते हा प्रश्न उरतोच. कोळिष्टक बाहेरच्या भिंतीवर होते, बागेत आलेली आयाबाया-पोरे मान वर करून पाहत होती. काळ्या घोड्याजवळच्या कलादालनांत, काचेच्या दारांआड जे मांडलेले असते तिथे करंज्याच्या बाजारात मासळी विकणारी बाई जाईल का? दार उघडे असले तरी आपण तिथल्या नाही, असे तिला वाटते. हा संकोच मी स्वतः अनुभवला आहे. तो तिच्या अडाणीपणातून आलेला नाही, तिला कधी कोणी बोलावले नाही त्यातून आलेला आहे.

मत बदलल्याचा खरा पुरावा पुढच्या वागण्यात असतो. २०१९ मध्ये मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात चित्रकार प्रभाकर बरवे यांचे सिंहावलोकी प्रदर्शन भरले, तेव्हा मी कोणी न सांगता गेलो. बरवे कोकणातल्या नागावचे, १९३६ चा जन्म. त्यांचे ‘कोरा कॅनव्हास’ हे मराठी पुस्तक १९९० साली आले होते. कोळिष्टक पाहिल्यानंतर मी ते मिळवून वाचले. घड्याळ, पान, अशा रोजच्या वस्तू मोठ्या मोकळ्या जागेत ठेवून बरवे रंगवत. पूर्वी मी म्हणालो असतो, यात आहे काय? त्या दिवशी एका चित्रापुढे उभा राहिलो, तेव्हा ओहोटीनंतर आमच्या खाडीच्या चिखलात उरलेल्या वस्तू आठवल्या: तुटलेले वल्हे, शिंपला, दोराचा तुकडा. पाणी निघून गेले की प्रत्येक वस्तू एकटी दिसते आणि म्हणून नीट दिसते. हे बरव्यांना अभिप्रेत होते का, मला माहीत नाही. पण माझ्या खाडीने मला त्यांच्या चित्रापर्यंत नेले, आणि त्यानंतर खाडीही मी जास्त लक्ष देऊन पाहू लागलो.

याचा अर्थ आता मला सगळेच आवडते असा कोणी घेऊ नये. मजकूर संपला की संपून जाणारी, चकित करण्यापलीकडे काही न करणारी कामे मी नंतरच्या वर्षांत पुष्कळ पाहिली आणि ती मला टाकाऊ वाटली. फरक एवढाच, की आता मी दोनदा पाहिल्यावर टाकतो. पूर्वी न पाहता टाकत होतो. आपल्याकडे मत बदलणे म्हणजे हार समजतात. ‘मास्तरांनी शब्द फिरवला’ असे म्हणतात. मला वाटते, जे मत नव्या अनुभवापुढे हलतच नाही, त्याला मत न म्हणता सवय म्हणावे.

म्हणून दोन मागण्या आहेत. पहिली संग्रहालयांकडे. कलाकृतीशेजारचा मराठी मजकूर मराठीत लिहा. इंग्रजी वाक्यांना मराठी शब्दांचे कपडे घालून काढलेले फलक वाचून आमची मुले आधी गोंधळतात आणि मग स्वतःलाच मठ्ठ समजतात. आणि कधीतरी कलाकृती घेऊन आमच्याकडे या. बंदराच्या धक्क्यावर, मासळीबाजारात, शाळेच्या पटांगणात मांडा. आमच्याकडे भिंती आहेत, आणि पाहायला डोळेही आहेत.

दुसरी मागणी माझ्या तालुक्यातल्या शिक्षकांकडे आणि घराघरांतल्या मोठ्यांकडे. मुलांना हत्ती पाहायला न्या, पण आज जिवंत असलेल्या कलावंतांचे कामही दाखवा. आणि दाखवताना ‘याचा अर्थ काय?’ असे लगेच विचारू नका. ‘हे पाहून तुला आपल्याकडचे काय आठवले?’ असे विचारा. उरणच्या पोराकडे त्याचे उत्तर असते.

करंजा ते रेवस पुलाचे काम आता सुरू आहे. तो झाल्यावर त्याला नाव मिळेल, त्या नावावर शिक्का बसेल, आणि तसे व्हायलाच हवे. पण या खाडीतल्या खडकांना, वळणांना, डोल लावायच्या जागांना जुन्या तांडेलांनी दिलेली नावे कुठल्याच कागदावर नाहीत. ती सांगणारी माणसे थोडी उरली आहेत. त्यांच्याजवळ बसून मी ती नावे एका वहीत उतरवू लागलो आहे. तुमच्या गावात अशी नावे असतील तर ती याच वर्षी लिहून काढा.

आणि मुंबईत एखाद्या भिंतीवर काही न कळणारे टांगलेले दिसले, तर नको म्हणण्याआधी एकदा परत जाऊन पाहा.